पिसारोच्या चित्रातल्या माणसांना चेहरे का नाहीत?

तुम्ही विचारलंय की फ्रेंच चित्रकार कामी पिसारोच्या 'बुलव्हार मोंमार्त्र, हिवाळ्यातली सकाळ' या चित्रात माणसं म्हणजे नुसते काळे ठिपके दिसतात, चित्र अर्धवट सोडल्यासारखं वाटतं, मग त्याचं एवढं कौतुक कशासाठी? मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि हे चित्र माझ्या फार जवळचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो कुठे बसून रंगवत होता ते बघा. 1897 चा फेब्रुवारी, पिसारो 66 वर्षांचा. डोळ्याचं दुखणं वर्षानुवर्षं मागे लागलेलं. वारा-धूळ लागली की बळावायचं. जन्मभर उघड्यावर, शेतांच्या कडेला बसून चित्रं काढणारा हा माणूस खिडकीच्या आत आला. पॅरिसमध्ये रू द्रुओ या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्याने वरची खोली घेतली आणि समोरचा बुलव्हार मोंमार्त्र हा एकच रस्ता एप्रिलपर्यंत 14 वेळा रंगवला.

तुम्ही तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून गर्दीचा रस्ता कधी पाहिला असेल. तिथून चेहरे दिसत नाहीत, चाल दिसते. कोण घाईत आहे, कोण रेंगाळतोय, एवढंच कळतं. पिसारोने तेवढंच ठेवलं. नाक-डोळे रंगवले असते तर ते न पाहता, माहितीवरून काढलेलं झालं असतं.

मी मुलांना यातली एक घोडागाडी उतरवायला देतो. नेटकं काम करणारी मुलं चाकाचे आरे मोजून काढतात आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. मग त्या आऱ्यांवरून ओला करडा रंग फिरवायला सांगतो. गाडी चालायला लागते! मुलांचे चेहरे त्या वेळी बघण्यासारखे असतात.

आणि हिवाळा? बर्फाचे ढीग कुठेच नाहीत. आभाळ फिकट, त्यामुळे सावल्या ठळक नाहीत, आणि झाडं निष्पर्ण. फांद्या इतक्या विरळ रंगवल्यात की मागच्या इमारती आरपार दिसतात. भर उन्हाळ्यात याच खिडकीतून अर्धा फुटपाथ पानांआड गेला असता.

मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे; त्यांच्या साइटवर ते मोठं करून बघा. मग लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं याच रस्त्याचं रात्रीचं चित्र शेजारी ठेवा. 14 चित्रांत रात्र फक्त त्या एकात आहे, आणि त्यावर पिसारोने सहीसुद्धा केली नाही.