आबाजीची रॅले अन् अडकलेली कॉटर पिन

प्रश्न : भाऊ, गोठ्यात आबाजीची जुनी रॉड ब्रेकवाली (तारेऐवजी सळईचे ब्रेक) रॅले सायकल सापडली, पण क्रँक म्हणजे पायडलचा दांडा धरून ठेवणारी कॉटर पिन काही केल्या निघून नाही राहिली. नवा रंग मारू का?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : आधी हातोडा खाली ठेवा भाऊ! नट पिनच्या टोकाबरोबर येईल इतका ढिला करा, दोन दिवस डिझेल सोडत राहा, मग पिनचं डोकं पाइपात येईल असा लोखंडी पाइप क्रँकखाली जमिनीपर्यंत टेकवा अन् नटाच्या बाजूनं एकच खणखणीत ठोका द्या, टेकू नसला तर सगळा मार आतल्या छर्‍यांवर बसते. पिन वाकली तरी नवी भेटते, २८ बाय दीडचे टायरही भेटतात. रंग मात्र नका मारू हो, समोरच्या बिल्ल्यावरचा रॅलेच्या खुणेचा बगळा तेलाच्या फडक्यानं हळूहळू पुसा. ब्रेकचे रबर रिमच्या आतून लागतात, तिथला गंज काढल्याशिवाय उतारावर नेऊ नका.