गणिताचे आणखी किती पेपर घ्यावेत?

जून महिन्याच्या अखेरीस, तिसऱ्या सत्राची नोंदणी बंद व्हायला चार दिवस उरलेले असताना, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतलेली भौतिकशास्त्राची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर पाच नावे लिहिलेली होती: रिअल ॲनालिसिस, लिनियर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, ग्रुप थिअरी आणि टोपॉलॉजी. "मॅडम, हे सगळं केलं नाही तर एम.एस्सी.ला मला काहीच झेपणार नाही ना?" असे तिने बसता बसताच विचारले. गणित पक्के नसेल तर थिअरीचा, म्हणजे सैद्धांतिक भौतिकशास्त्राचा, नाद सोडून दे, असे वसतिगृहातल्या एका सीनियरने तिला सांगितले होते आणि त्या वाक्याने तिची झोप उडाली होती. दरवर्षी या दिवसांत हाच प्रश्न घेऊन काही मुले येतात, म्हणून तिची हकिगत, ओळख पटेल असे तपशील वगळून, येथे लिहीत आहे.

मी यादी बाजूला ठेवली आणि गेल्या सत्रात भौतिकशास्त्राच्या नेमक्या कोणत्या पानावर अडलीस, एवढेच विचारले. तिने मेकॅनिक्सची वही काढली. दोन भिंतींच्या मध्ये तीन सारख्या स्प्रिंगा आणि त्यांना जोडलेली दोन समान वस्तुमाने, हे नेहमीचे उदाहरण होते. दोन्ही समीकरणांची एकदा बेरीज करायची, एकदा वजाबाकी करायची, म्हणजे दोन वारंवारिता मिळतात, अशी रीत तिने पाठ केली होती. परंतु बेरीज आणि वजाबाकीच का, हे तिला ठाऊक नव्हते. मी तीच समीकरणे मॅट्रिक्सच्या रूपात मांडायला सांगितली. कर्णावर दोन-दोन, उरलेल्या जागी उणे एक. बारावीच्या डिटर्मिनंटच्या भांडवलावर तिने आयगेनव्हॅल्यू, म्हणजे येथे वारंवारिता ठरवणाऱ्या संख्या, काढल्या, त्या एक आणि तीन आल्या, आणि त्यांच्या जोडीच्या पहिल्या व्हेक्टरचे घटक एक व एक, दुसऱ्याचे एक व उणे एक निघाले. ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. तिने पाठ केलेली बेरीज आणि वजाबाकी म्हणजे हेच दोन व्हेक्टर होते. मग तिनेच विचारले, वस्तुमाने तीन असतील तर कशाची बेरीज करायची? तेथे अंदाज चालत नाही. आयगेनव्हॅल्यू दोन, दोन अधिक वर्गमूळ दोन आणि दोन उणे वर्गमूळ दोन अशा येतात. ते गणित तिने दुसऱ्या दिवशी सोडवून आणले.

लिनियर अल्जिब्रा सर्वांत आधी घ्यावे, असे मी जवळजवळ प्रत्येकाला सांगते. पुढे क्वांटम मेकॅनिक्समध्ये अवस्था म्हणजे व्हेक्टर आणि मोजायची राशी म्हणजे ऑपरेटर, हीच भाषा असते. १९२५ साली क्वांटम मेकॅनिक्सचा पाया घालताना भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गने, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आपला गुणाकाराचा विचित्र नियम मांडला तेव्हा त्याला मॅट्रिक्स माहीत नव्हत्या. त्या त्याचे वरिष्ठ सहकारी मॅक्स बॉर्न याने ओळखल्या, कारण विद्यार्थिदशेत त्याने त्या शिकल्या होत्या. गणित मागाहूनही शिकता येते, असा धीर काही मुले या प्रसंगातून घेतात आणि ते चुकीचे नाही. पण शेजारी बॉर्न असण्याचे भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, हेही मी त्यांना सांगते.

डिफरन्शियल इक्वेशन्सबद्दल फारसे बोलावे लागले नाही. उष्णतेचे वहन, तरंग, हायड्रोजनचा अणू, सगळीकडे तीच येतात. ग्रुप थिअरीच्या बाबतीत मात्र नावामुळे फसगत होते. गणित विभागातील पदवीचा पेपर बहुधा लाग्रांजचे प्रमेय, होमोमॉर्फिझम यांत रमतो, तर भौतिकशास्त्राला विशेष लागते ते रिप्रेझेंटेशन, म्हणजे ग्रुपचे घटक मॅट्रिक्सच्या रूपात मांडणे, आणि ते सहसा एम.एस्सी.त भेटते. म्हणून पेपर घेण्याआधी नुसते नाव न पाहता अभ्यासक्रम वाचावा. रिअल ॲनालिसिस सिद्धता लिहायला शिकवते आणि ज्याला त्यात गोडी आहे त्याने ते जरूर घ्यावे. पण भीतीपोटी घेतलेले ॲनालिसिस सहसा पाठांतरावर येऊन थांबते, हे मी अनेकदा पाहिले आहे. ग्रंथालयातून पुस्तक नेऊन लिमिटच्या व्याख्येवरचे एक प्रकरण रविवारी वाचून पाहा, असे मी तिला सुचवले. सोमवारी तिने प्रामाणिकपणे सांगितले की चौथ्या पानानंतर तिचे लक्ष घड्याळाकडेच होते.

प्रवेश परीक्षेची धास्तीही तिच्या मनात होतीच. जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेच्या भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमातील गणिताचा भाग आम्ही सोबत बसून वाचला: कॅल्क्युलस, व्हेक्टर, फूरिये सिरीज, साधी डिफरन्शियल इक्वेशन्स, मॅट्रिक्स, कॉम्प्लेक्स संख्या. टोपॉलॉजीचा त्यात उल्लेख नाही. मग वेळेचा हिशेब मांडला. लेखी पेपरच्या एका क्रेडिटला वर्गातले १५ तास धरले, तर तीन क्रेडिटच्या पाच पेपरांचे २२५ तास होतात. घरचा अभ्यास वेगळा, आणि आठवड्यातल्या दोन दुपारी प्रयोगशाळेत जातात. प्रॅक्टिकलच्या जर्नलला कात्री लावून घेतलेले गणित भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला महागात पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिने मायनरमधून, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीला घेतलेल्या गणितातून, दोनच पेपर घेतले. चौथ्या सत्रात ऑप्टिक्स शिकताना ती पुन्हा आली. एका फटीतून होणाऱ्या विवर्तनाच्या गणितात साइन एक्स भागिले एक्स याचे शून्यापासून अनंतापर्यंतचे इंटिग्रल पाय भागिले दोन येते, असे वर्गात नुसते सांगितले गेले होते आणि ते कोठून आले, हे तिला जाणून घ्यायचे होते. त्याची एक वाट कॉम्प्लेक्स ॲनालिसिसमधून जाते, एवढे मी सांगितले. हे नाव तिच्या जुन्या यादीत नव्हते. पाचव्या सत्रासाठी तिने तोच पेपर निवडला आहे.