कोल्हापुरात बंगला बांधतोय, खोलीनिहाय हीटिंगसाठी स्मार्ट रेडिएटर व्हॉल्व्ह बसवता येतील का?

नाही, कारण ते गरम पाण्याच्या रेडिएटरवर (पाणी खेळवून खोली तापवणाऱ्या धातूच्या पॅनेलवर) बसतात, आणि तसे रेडिएटर इथल्या घरांत नसतातच. हा व्हॉल्व्ह स्वतः काही तापवत नाही. बॉयलरकडून येणारं गरम पाणी त्या खोलीच्या रेडिएटरमध्ये किती सोडायचं, एवढंच बघतो. आत छोटी मोटर असते, ती रेडिएटरच्या तोंडाशी असलेली पिन दाबून पाणी अडवते किंवा पिन सोडून पाणी वाहू देते. मुलीच्या जर्मनीतल्या फ्लॅटमध्ये मी स्वतः बसवलाय: जुनी आकड्यांची मूठ फिरवून काढली, नवीन लावली, पेन्सिल सेल घातले, झालं. आपल्याकडे ना बॉयलर ना ती पाइपलाइन, आणि जानेवारीतल्या चार गार पहाटेंसाठी ती घालणं म्हणजे पैशाचा चुराडा. (गीझरच्या लाइनला लावायचा विचार असेल तर तोही सोडा.) म्हाताऱ्या माणसांच्या खोलीपुरता ऑइल हीटर घ्या. त्यालाही दुकानात रेडिएटरच म्हणतात, पण तेल आत सीलबंद असतं आणि थर्मोस्टॅट त्यातच येतो. २००० वॉटचा असला तर तासाला जास्तीत जास्त २ युनिट. वायरिंग चालू आहे तोवर १६ अँपिअरचा पॉइंट काढून घ्या, मोबाइल चार्जरच्या सॉकेटवर तो चालवू नका. मात्र एसी घेणारच असाल तर हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर, म्हणजे गरम हवाही देणारा, घ्या. तेवढ्याच उबेला वीज बरीच कमी लागते.