रोज पोहूनही मणके ठिसूळ?

प्रश्न : वय ५२. रोज पोहते, रविवारी सायकल चालवते. तरी डेक्सा (हाडांची घनता मोजणाऱ्या) तपासणीत कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे १.८ आला. असं का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : टी-स्कोअर तुमच्या हाडांची घनता निरोगी तरुण व्यक्तीच्या तुलनेत सांगतो. उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाडांची घनता कमी, पण ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) नव्हे. पाळी थांबण्याच्या सुमारास ती झपाट्याने घटते. पोहणं हृदयाला उत्तम. मात्र पाण्यात शरीराचा भार पाणी उचलतं, सायकलवर सीट. मणक्यांवर पुरेसा ताण येत नाही, म्हणून हाड वाढत नाही. स्पर्धेतल्या सायकलपटूंच्या कमरेच्या मणक्यांची घनताही अनेकदा कमी भरते. फुटबॉल, व्हॉलीबॉल, वेटलिफ्टिंग खेळणाऱ्यांची चांगली असते. चालण्याचा मणक्यांना फायदा थोडाच.

पोहणं सोडू नका. आठवड्यातून दोनदा जाणकार प्रशिक्षकासमोर वजनं उचला : स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), ८-१० वेळा, दोन-तीन फेऱ्या. सुरुवात हलक्या वजनाने. पाठ सरळ राहिली तरच वजन वाढवा. पाठ गोल करून वाकणं आणि सिट-अप्स टाळा, त्याने कमकुवत मणका पुढच्या बाजूने चेपतो. उंची घटली असेल किंवा पाठ दुखत असेल तर आधी एक्स-रे काढा.

नाश्त्याला नाचणीचं तिझान (गोव्याकडची नाचणीची खीर) घ्या. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पुढची डेक्सा त्याच मशीनवर करा.