आधी वायफाय, मग टीव्ही

भावा, पंचावन्न इंची टीव्ही घ्यायच्या आधी घरातलं वायफाय बघ. शिवाजी पेठेतलं तुमचं जुनं घर, भिंती चांगल्या जाड. वायफायचे मुख्य पट्टे दोन, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झला वेग जास्त, पण भिंत आडवी आली की त्याचा सिग्नल लगेच दमतो. २.४ चा लांब पोचतो, पण हळू, आणि आजूबाजूच्या घरांचे राऊटरही त्याच पट्ट्यात गर्दी करतात. म्हणून राऊटरपासून टीव्हीला सरळ लॅन केबल (इंटरनेटची वायर) ओढ. कॅट ६ प्रकारची लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते. सोप्यातून माडीवर न्यायला काहीच अडचण नाही. मॅच ऐन रंगात आल्यावर अडकणार नाही, हे मी खात्रीनं सांगतो.

साउंडबार टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टलाच जोड, टीव्हीचा आवाज तिथूनच साउंडबारला जातो, आणि सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एका रिमोटवर दोन्ही चालवायची सोय, चालू कर. आवाज टीव्हीच्याच रिमोटवर येतो. आईंना दोन रिमोटचा ताप नको.

वळवाच्या दिवसांत मात्र हयगय करू नको. ढग गडगडायला लागले की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढ. डिशची वायरसुद्धा. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण राऊटरचा अडॅप्टर तर बोर्डातच असतो ना!

टीव्हीवरच्या सिनेमा-मालिकांच्या ॲपमध्ये पोरांचं प्रोफाइल वेगळं कर, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लाव, आणि तो पिन वहिनींनाही सांगून ठेव.