आयनायझर, संगणक आणि कुंडीतली रोपे

प्रश्न : कार्यालयात माझ्या मेजावर आयनायझर (हवा स्वच्छ करणारे यंत्र) ठेवल्यापासून मागची भिंत काळवंडली आहे, संगणकाच्या पडद्यावर धूळ लवकर बसते आणि शेजारच्या कुंडीतील पानांवर बारीक ठिपके उमटले आहेत. हा दोष यंत्राचाच आहे का?

उत्तर : भिंत आणि धूळ यांबाबत शंका घेण्याचे कारण नाही. आयनायझरमधील टोकदार सुयांना काही हजार व्होल्टचा दाब दिलेला असतो. त्यातून सुटणारे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, हवेतील धूलिकणांना भारित करतात आणि हे कण जवळच्या भिंतीला, पडद्याला व पानांना जाऊन चिकटतात. धूळ हवेतून जाते ती अशी, म्हणून ज्या यंत्रात ती धरून ठेवणारी पट्टी नसते, त्याच्या भोवतालची साफसफाई वाढणारच.

आयनांमुळे संगणक थेट बिघडत नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यांत तर स्थिर विद्युत घालवण्यासाठीच आयनायझर वापरतात. मात्र तेथे धन व ऋण आयनांचा समतोल राखलेला असतो. घरगुती यंत्रे बहुधा केवळ ऋण आयन सोडतात, त्यामुळे अर्थिंग नसलेल्या वस्तूंवर भार साठू शकतो. शिवाय संगणकाच्या पंख्यात धूळ साचली की आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि माझ्या मते अधिक काळजी याचीच करावी.

पानांच्या बाबतीत प्रश्न ओझोन वायूचा आहे. सुयांच्या टोकाशी होणाऱ्या विद्युत विसर्गातून तो थोड्याफार प्रमाणात तयार होतो, पर्णरंध्रांतून (पानावरील सूक्ष्म छिद्रांतून) पानात शिरतो आणि आतील पेशी मारतो. ओझोनचे ठिपके सहसा जुन्या पानांच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या भागात दिसतात आणि शिरा हिरव्याच राहतात. पान उलटून अवश्य पाहा : खाली बारीक जाळे आढळले, तर तो लाल कोळी या किडीचा उपद्रव आहे आणि त्यात यंत्राचा काही दोष नाही.

यंत्र भिंत, संगणक व कुंड्या यांपासून निदान दोन मीटर दूर न्यावे आणि खोलीत वारा खेळता ठेवावा. ओझोनचा उग्र वास येत असेल तर यंत्र लगेच बंद करावे, कारण हा वायू माणसाच्या फुफ्फुसांनाही अपायकारक आहे. मात्र नाकाला वासाची सवय होते, त्यामुळे वास येत नाही म्हणजे ओझोन नाही, असे समजू नये. नवे यंत्र घेताना त्याच्या ओझोनचे प्रमाण तपासलेले आहे का, हे विचारावे. कॅलिफोर्नियात अशा यंत्रांसाठी 0.050 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 0.050 भाग) ही मर्यादा कायद्याने ठरवलेली आहे. पडलेले ठिपके जाणार नाहीत, त्यामुळे जागा बदलल्यानंतर फुटणाऱ्या नव्या पानांवरूनच निष्कर्ष काढावा.