वीकेंडला मित्रमंडळी भेटायची तर आधी किचनमधून बाहेर पडा

क्रॉयडनहून एका ताईंनी लिहिलंय, की लंडनला येऊन दीड वर्ष झालं, ओळखीही बऱ्या झाल्या, पण भेटायचं म्हटलं की एकतर आमच्याकडे या नाहीतर तुमच्याकडे येतो, अख्खा शनिवार आधी स्वयंपाकात आणि मग भांड्यांत जातो, आणि शहर मात्र अजून धड बघितलेलं नाही. नवरा म्हणतो आई-बाबा येतील तेव्हा बघूच की.

ताई, आई-बाबा आले की तुम्ही बिग बेन, टॉवर ब्रिज, फोटो, घरी, असंच पळणार आहात, ते शहर बघणं वेगळं. तुमचं चुकतंय काय सांगू? शहर बघणं आणि माणसं भेटणं ही दोन वेगळी कामं धरलीत, म्हणून दोन्ही नीट होत नाहीत. घरच्या पॉटलकचं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाचं, काय होतं आपल्या सगळ्यांना माहितीय, पुरुष सोफ्यावर व्हिसा आणि मॉर्गेज, बायका ओट्याशी, पोरं वर आयपॅड घेऊन, आणि निघताना दारात उभं राहून मारलेल्या अर्ध्या तासाच्या गप्पाच काय त्या खऱ्या. मग त्या गप्पाच बाहेर न्या ना.

शनिवारी ट्रफाल्गर स्क्वेअरला नॅशनल गॅलरीत भेटा. दोनच कुटुंबं, फार तर तीन, आठ घरांचा व्हॉट्सॲप ग्रुप केलात की नुसतं 'बघूया, कळवतो' चालतं. वेळ ठरवा, येतील ते येतील. नेहमीच्या चित्रांना तिकीट नाही, आणि मला यातला खरा फायदा पैशाचा वाटतच नाही. आपण तिकीट काढलं की शेवटच्या दालनापर्यंत वसूल केल्याशिवाय निघत नाही, पाय दुखले तरी. फुकट असल्यावर पाऊण तासात बाहेर पडता येतं आणि जिवाला काही लागत नाही. तर पाऊण तासच जा, दोन-तीन चित्रं बघा.

त्यातलं एक चित्रकार होल्बाइनचं 'द ॲम्बॅसेडर्स', 1533 सालचं. दोन भारदस्त माणसं उभी आहेत, मधे फडताळावर पृथ्वीचा गोल, वाद्यं, कसली कसली यंत्रं, आणि खाली पायाशी एक तिरकं करडं काहीतरी फासल्यासारखं. माझ्या भाचीला तो लांबडा पाव वाटला होता. मग तिला चित्राच्या उजव्या कडेला, भिंतीजवळ नेऊन तिरकं बघायला लावलं, आणि त्या पावाची झाली कवटी! त्यानंतर पोरं समोरून कडेला, कडेवरून समोर अशा चकरा मारत होती, आणि आम्ही मोठी माणसं पण, हळूच. त्या दिवशी ऑडिओ गाईड कोणी घेतला नाही. नंतर स्क्वेअरच्या पायऱ्यांवर दीड तास बसलो, तो खरा कार्यक्रम.

मुलं अगदीच लहान नसतील तर कधीतरी शुक्रवारी ऑफिसनंतर या, तेव्हा गॅलरी रात्री 9 पर्यंत उघडी असते आणि गर्दीही बेताची.

प्रवासाचं पटकन सांगते. 11 वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ट्यूबने, म्हणजे इथल्या मेट्रोने, फुकट येतात, एका मोठ्या माणसाबरोबर चार. 11 ते 15 वाल्यांचं झिप कार्ड, म्हणजे मुलांचं सवलतीचं फोटो कार्ड, काढून ठेवा. आणि गेटवर टेकवायला प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतःचं कार्ड लागतं बरं का, आम्ही नवे असताना एकाच कार्डावर दोघं जायला निघालो, नवरा आत आणि मी गेटबाहेर, हातात डबे. वीकेंडला रुळांची कामं काढतात तेही सकाळीच बघून घ्या.

रविवारसाठी माझी आवडती जागा म्हणजे चॉक फार्म स्टेशनपासून चालत, 10 किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये बाबासाहेब आंबेडकर इथं राहत होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर घेतलं आणि आता तिथं स्मारक आहे. उघडं आहे ना ते आधी बघून जा. शांत गल्लीतलं, शेजारच्या घरांसारखंच घर, आणि त्यानेच पोरांना जास्त पटतं, की हा माणूस या रस्त्यावरून चालत जायचा. घरी जी गोष्ट सांगताना तुम्हाला दोन वाक्यांत इंग्रजीवर यावं लागतं ती इथं मराठीत सुचते, माझा तरी अनुभव आहे.

तिथून प्रिमरोज हिल जवळच. टेकडी म्हणजे काय, पर्वतीवाल्यांनी हसू नये, पण वरून सगळं लंडन दिसतं. चादर टाका, डबे उघडा. डब्याचा नियम एकच, त्या दिवशी सकाळी गॅस पेटवायचा नाही. आदल्या दिवशीच्या तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं, चटणी-सँडविच, बास. ज्या वहिनी तरीही पहाटे उठून पावभाजी करून आणतील त्यांना पुढच्या वेळी कागदी प्लेट्स आणायला सांगा.

आणि शेजारची एखादी पोलिश नाहीतर घानाची मैत्रीण असेल तर तिलाही बोलवा, घरी बोलवायला तुम्ही दहादा विचार केला असता, टेकडीवर कोण विचार करतंय.